भूकंप, पूल आणि संगणकाचे गणित

(सुर्ला, तालुका डिचोली येथील ग्रामस्थांपुढील व्याख्यानाचा मजकूर)



सुर्ला गावाचा आणि मांडवी नदीचा संबंध फार जुना आहे. गावाच्या नदीकाठच्या भागास ‘तार’ असे म्हणतात. तार म्हणजे नदी उतरून जाण्याचे ठिकाण. पूर्वी होडीने आणि पुढे फेरीबोटीने पलीकडचा काठ गाठला जाई. वेळगे-सुर्ला परिसरातील लोहखनिजही वर्षानुवर्षे या भागातील धक्क्यांवर बार्जमध्ये भरले गेले आणि मांडवीच्या पात्रातून मुरगाव बंदराकडे रवाना झाले. नदी म्हणजे काय, तिचा तळ कसा असतो, भरती-ओहोटीने काठची माती कशी मऊ होते, हे येथील रहिवाशांना सांगण्याची आवश्यकता नाही.

तथापि आता वाहतुकीचा मुख्य भार पुलांवर आहे. डिचोली तालुका मांडवीच्या उत्तरेस, तर बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय दक्षिणेस आहे. अत्यवस्थ रुग्णाला तेथे न्यावयाचे झाल्यास मांडवीवरील कोणता ना कोणता पूल ओलांडावाच लागतो. उद्या मोठा भूकंप होऊन घरे पडली व माणसे जखमी झाली, तर नेमक्या त्याच घटकेला या पुलांची गरज सर्वांत अधिक भासेल. पूल निकामी झाला तर रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, औषधे आणि अन्नधान्य या सर्वांचीच वाट बंद होते. म्हणूनच भूकंपात पूल टिकेल की नाही हे आधी कसे ठरवितात, त्यासाठी संगणकाच्या ज्या आज्ञावल्या वापरतात त्या काय करतात, आणि त्यांच्या उत्तरावर किती विसंबावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

गोवा आणि भूकंप

गोव्यात मोठ्या भूकंपाची आठवण लोकांच्या मनात नाही. त्यामुळे हा प्रश्न हिमालयाच्या पायथ्याचा किंवा कच्छचा आहे, आपला नाही, असे अनेकांस वाटते. ही समजूत बरोबर नाही. भूकंपरोधक बांधकामासाठी आपल्या देशात आय.एस. १८९३ या क्रमांकाचे मानक आहे. (१८९३ हा केवळ क्रमांक होय, साल नव्हे, मानकाची पहिली आवृत्ती १९६२ सालची.) या मानकाच्या २००२ सालच्या आवृत्तीत देशाचे चार भूकंप-विभाग पाडण्यात आले. त्यांना दोन ते पाच असे क्रमांक असून पाचवा सर्वांत धोक्याचा. गोव्याचा समावेश तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात करण्यात आला आणि २०१६ च्या आवृत्तीतही तो तसाच राहिला. पुलांसाठी याच मानकाचा स्वतंत्र तिसरा भाग २०१४ साली प्रसिद्ध झाला.

नकाशावरील विभाग हा त्या त्या वेळच्या माहितीवर आधारलेला अंदाज असतो, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा परिसर १९९३ पूर्वी पहिल्या, म्हणजे त्या वेळच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे हजारो माणसे घरांच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली. त्यानंतरच्या २००२ च्या नकाशातून पहिला विभागच काढून टाकण्यात आला.

कोयनेची साक्ष

सुर्ल्यापासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर उत्तरेस कोयनानगर आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तेथे सुमारे साडेसहा प्रतीचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक लोक मृत्यू पावले आणि कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा राहण्यास अयोग्य झाली. धक्का मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत जाणवला. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले, परंतु त्याच्या उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या.

पुलाच्या विषयात धरणाचा उल्लेख कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे कारण असे की, भूकंपाचे गणित करण्याची जुनी पद्धत आणि नवी पद्धत यांतील फरक आपल्या भागात कोयनेइतका स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसत नाही. आणि धरणाला लागू पडलेले तेच गणित पुलालाही लागू पडते.

धरणाचा आराखडा केला गेला तेव्हा प्रचलित रीतीप्रमाणे असे धरले होते की, भूकंपात धरणावर त्याच्या वजनाच्या शेकडा ५ इतके आडवे बल येईल. हे बल जणू हाताने एका बाजूने संथपणे रेटावे तसे स्थिर मानलेले होते. धरणाच्या आतील बोगद्यात जमिनीच्या हालचालीची नोंद करणारे उपकरण बसविलेले होते, हे आपले भाग्य होय. भूकंप प्रत्यक्ष घडत असताना त्याने जी नोंद केली, तीनुसार धरणाच्या लांबीच्या दिशेने जमिनीचे कमाल प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट होते. गृहीत धरलेली ०.०५ आणि मोजलेले ०.४९ या दोन आकड्यांतील अंतर कोणालाही कळेल.

पुढे अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती या संशोधकांनी ही नोंद संगणकात घातली. धरणाच्या छेदाचे लहान लहान भाग पाडून, क्षणाक्षणाला प्रत्येक भागावर किती ताण येतो हे त्यांनी काढले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसून आले की, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जेथे धरणाच्या मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो, तेथे काँक्रीटच्या शक्तीपलीकडचा ताण निर्माण होतो. प्रत्यक्ष भेगा त्याच पातळीच्या आसपास पडलेल्या होत्या. जुन्या स्थिर पद्धतीने केलेल्या हिशेबात या जागेचा धोका मुळीच दिसलेला नव्हता.

तेव्हापासून कोयनेची ती नोंद जगभरच्या अभियंत्यांच्या उपयोगी पडत आली आहे. नवी आज्ञावली तयार झाली की तिला कोयनेचे उदाहरण घालून उत्तर जुळते का, हे पाहण्याचा प्रघात आहे. ‘अबॅकस’ या सुप्रसिद्ध आज्ञावलीच्या उदाहरणांच्या पुस्तिकेत कोयना धरणाचे गणित समाविष्ट आहे. सातारा जिल्ह्यातील एका बोगद्यात बसविलेल्या यंत्राची काही सेकंदांची नोंद अशा रीतीने सर्व जगाची कसोटी होऊन बसली.

आज्ञावली काय करते

संगणकाच्या आज्ञावलीला व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात. पुलाच्या बाबतीत तिचे काम पुढीलप्रमाणे चालते. प्रथम पुलाचे खांब, तुळया, वरचा रस्ता, पाया आणि बेअरिंगे यांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचे माप, वजन आणि ताठपणा संगणकाला सांगितला जातो. मग भूकंपातील जमिनीची हालचाल सांगितली जाते. या दोन गोष्टींवरून पुलाचा प्रत्येक भाग केव्हा, किती आणि कोणत्या दिशेने हलेल आणि त्यात किती ताण निर्माण होईल हे आज्ञावली काढते. अशा सर्वसाधारण आज्ञावल्यांपैकी ‘सॅप’ ही बर्कले येथे एडवर्ड विल्सन यांनी १९७० साली प्रसिद्ध केली. त्याच विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘ओपनसीज’ ही भूकंपाच्या अभ्यासाची आज्ञावली विकसित झाली आणि ती संशोधकांना विनामूल्य उपलब्ध आहे. मांडवीवरील २०१९ साली खुला झालेला तिसरा पूल किंवा जुवारीवरील २०२२ साली ज्याचा पहिला भाग खुला झाला तो नवा पूल, हे दोन्ही तारांनी तोललेले आहेत. अशा पुलांचे संपूर्ण गणित हाताने करणे व्यवहारात शक्य नाही.

तथापि या गणिताचे मर्म समजण्यास संगणक लागत नाही. वाऱ्यात पोफळ आणि ठेंगणे झाड एकाच वेळी डुलताना पाहिले की पोफळ सावकाश झोके घेते, ठेंगणे झाड भराभर हलते. प्रत्येक उभ्या वस्तूचा असा स्वतःचा झोक्याचा काळ असतो. पुलाच्या खांबाचाही असतो. त्याच्या डोक्यावरचे वजन जितके अधिक तितका तो काळ वाढतो आणि खांब जितका ताठ तितका तो काळ कमी होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका खांबावर ६०० टन वजनाचा पुलाचा भाग टेकलेला आहे. खांबाचे डोके एक सेंटीमीटर वाकविण्यास सुमारे ६० टन बल लागते. या खांबाचा झोक्याचा काळ सुमारे ०.६३ सेकंद येतो. आता तितक्याच जाडीचा पण दुप्पट उंचीचा खांब घेतला, तर तो आठपट लवचिक होतो. म्हणजे तो एक सेंटीमीटर वाकविण्यास केवळ साडेसात टन पुरतात आणि झोक्याचा काळ सुमारे १.७८ सेकंदांवर जातो. भूकंपाचे बल किती येणार हे मुख्यतः या काळावर आणि खांबाखालच्या जमिनीवर अवलंबून असते.

चिरा आणि चिखल

आय.एस. १८९३ च्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांत जमिनीचे कठीण, मध्यम आणि मऊ असे तीन प्रकार मानलेले आहेत. वरील ०.६३ सेकंदांचा खांब तिसऱ्या विभागात आहे असे समजू. पुलाचे महत्त्व आणि त्याची ताण सोसण्याची लवचिकता यांसाठी मानकात जे गुणक दिले आहेत, ते विवेचन सोपे व्हावे म्हणून येथे बाजूला ठेवू. खांब खडकावर असेल, तर त्याच्यावर सुमारे ७६ टन आडवे बल येते. तोच खांब, तीच मापे, तेच वजन, परंतु पायाखाली मऊ माती असेल, तर बल १२० टन येते. आज्ञावलीत जमिनीचा प्रकार नोंदविण्यासाठी एकच अंक टाइप करावा लागतो. तो चुकला तर उत्तरात जवळजवळ ४४ टनांचा फरक पडतो, आणि संगणक त्याबद्दल अवाक्षर काढीत नाही.

गोव्यातील नद्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. डोंगर आणि सडे यांवर चिरा लागतो. नदीलगत खाजने आहेत, मानशी आहेत, भरतीच्या पाण्याने पिढ्यान् पिढ्या आणून टाकलेला गाळ आहे. पुलाचे एक टोक चिऱ्याच्या चढणीवर आणि दुसरे खाजनात, असे सहज घडते. खाणीवर काम केलेल्या माणसास येथे काय करावयास हवे ते लगेच उमजेल. खनिजाचा दर्जा वरून पाहून कोणी ठरवीत नाही. बोअर मारतात, खोलीखोलीचे नमुने पेटीत लावतात, त्यांची तपासणी करतात आणि मगच हिशेब मांडतात. पुलाच्या प्रत्येक खांबाखालच्या जमिनीचेही असेच बोअर घ्यावे लागतात. दोन बोअरमधल्या जमिनीचा अंदाज कागदावर बांधता येतो; परंतु वर चिरा दिसला म्हणून खालीही कठीणच असेल असे नसते. चिऱ्याच्या थराखाली मऊ शेडी माती निघाल्याचा अनुभव विहिरी खणणाऱ्यांना आहे.

मऊ जमिनीने किती नाश होऊ शकतो याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील ओकलंड शहराचे आहे. तेथील सायप्रस नावाचा दुमजली उन्नत मार्ग १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात कोसळला आणि त्याखाली सापडून ४२ माणसे मरण पावली. भूकंपाचे केंद्र तेथून जवळजवळ शंभर किलोमीटर दूर होते. या मार्गाचा जो भाग खाडीच्या मऊ गाळावर उभा होता तो कोसळला. त्यापलीकडचा, अधिक घट्ट जमिनीवरील भाग उभा राहिला. केंद्र दूर आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हा त्यातून घ्यावयाचा बोध होय.

पाण्याने भरलेल्या सैल वाळूचा धोका आणखी निराळा आहे. जोराने हलली की अशी वाळू काही काळ पातळ पदार्थासारखी वागू लागते आणि तिच्यातील पायाचा आधार सुटतो. जपानमधील निगाता येथे १६ जून १९६४ रोजी नुकताच बांधून झालेला शोवा पूल अशाच भूमीवर उभा होता. त्याच्या पायाखालची जमीन सरकली आणि वरचे गाळे एकामागून एक नदीत पडले. केवळ खांबाची मजबुती पाहणारे गणित अशा वेळी अपुरे ठरते. म्हणून वाळूची घनता, पाण्याची पातळी आणि मातीतील कणांचा आकार यांचीही मोजणी करून घ्यावी लागते.

सांध्याची जागा

वरील दोन खांबांचे उदाहरण थोडे पुढे नेऊ. खडकावरचा आखूड खांब ७६ टन बलाने सुमारे सव्वा सेंटीमीटर सरकेल. दुप्पट उंचीचा खांब मऊ मातीत असेल, तर त्याच्यावर बल कमी, म्हणजे सुमारे ४५ टनच येते. पण साडेसात टनांना एक सेंटीमीटर या हिशेबाने त्याचे डोके सहा सेंटीमीटर सरकते. पुलाचे दोन लगतचे भाग या दोन खांबांवर टेकलेले असतील, तर एक थोडा हलेल आणि दुसरा पाचपट हलेल. शिवाय दोघे एकाच वेळी एकाच दिशेला जातील असेही नाही. अशा वेळी तुळईचे टोक खांबाच्या माथ्यावरील आपल्या बैठकीवरून निसटू शकते. खांब शाबूत आणि पूल मात्र खाली, असा प्रकार होतो.

९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडो येथे हेच पाहावयास मिळाले. नव्या महामार्गांचे पूल पडले आणि अरुंद बैठकीवरून गाळे निसटणे हे त्याचे एक मुख्य कारण आढळले. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक तर बैठका रुंद करण्याचे आणि लगतच्या गाळ्यांना पोलादी बंधनांनी एकमेकांस जखडण्याचे काम हाती घेण्यात आले. दुसरे म्हणजे सांधे, बेअरिंगे आणि गाळ्यांची एकमेकांवर होणारी आदळआपट यांचा हिशेब करणाऱ्या, खास पुलांसाठीच्या आज्ञावल्या बर्कले येथे १९७३ च्या सुमारास तयार होऊ लागल्या. आपल्या मानकातही बैठकीची किमान रुंदी ठरवून देण्यात आली आहे. बैठक काही सेंटीमीटर रुंद केल्याने बांधकामाच्या वेळी खर्चात फारशी वाढ होत नाही. पुढे तीच रुंदी पुलाचे रक्षण करते.

जुन्या पुलाचे खरे चित्र

नव्या पुलाचे गणित तुलनेने सोपे असते, कारण नकाशे समोर असतात, बोअर ताजे असतात आणि काँक्रीटचे नमुने तपासलेले असतात. खरी अडचण जुन्या पुलांची आहे. आज्ञावलीला जो पूल सांगितला जातो तो कागदावरचा असतो. कागदावर सळई गंजत नाही, काँक्रीटला भेग पडत नाही, बेअरिंग जाम होत नाही आणि पुराने पायाखालची माती वाहून जात नाही.

पणजी येथील मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्या वेळी त्याला बांधून वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तेव्हा भूकंप झालेला नव्हता. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. समजा, त्या पुलाचे भूकंपाचे गणित दुर्घटनेपूर्वी मूळ नकाशावरून उत्तम आज्ञावलीने करण्यात आले असते, तर त्या गणितात गंजलेल्या तारा कोठेही दिसल्या नसत्या. उत्तर समाधानकारक आले असते आणि त्यावर विसंबणाऱ्याची फसगत झाली असती.

यास्तव जुन्या पुलाचा भूकंपाच्या दृष्टीने अभ्यास करावयाचा झाल्यास आधी पुढील गोष्टी हाती असणे आवश्यक असते : मूळ नकाशे व बांधकामाची नोंदवही, पायाखालच्या जमिनीचे बोअर, काँक्रीटचे नमुने आणि सळईवरील गंजाची तपासणी, बेअरिंगे मोकळी हलतात की नाही याची पाहणी, खांबाभोवती नदीतळ किती खचला आहे याचे मोजमाप, आणि पुलावरून प्रत्यक्ष जाणाऱ्या वाहनांचा भार. खनिजवाहू ट्रकांच्या रांगा ज्या रस्त्यांनी पाहिल्या आहेत, तेथे शेवटच्या बाबीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची मोजदाद करून त्यांच्या स्थितीची नोंद एका ठिकाणी ठेवण्याची व्यवस्था केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ साली सुरू केली. लहान नद्या, ओहोळ आणि अंतर्गत रस्त्यांवरील पुलांचीही अशीच वही ठेवली गेली, तर त्या वहीचे मोल महागड्या आज्ञावलीपेक्षा कमी ठरणार नाही.

उत्तराची तपासणी

संगणकाने दिलेले रंगीत चित्र पाहून मनुष्याचा विश्वास चटकन बसतो. पूल हलताना पडद्यावर दिसतो, ताणाच्या जागा तांबड्या रंगाने उठून दिसतात, आकडे दशांश चिन्हानंतर चार-चार स्थळांपर्यंत छापून येतात. परंतु जमिनीविषयीची माहितीच ढोबळ असेल, तर उत्तरातील त्या चार स्थळांना काही अर्थ उरत नाही. अनुभवी अभियंते म्हणून काही साध्या कसोट्या लावतात.

पहिली कसोटी वजनाची. सर्व खांबांवर येणाऱ्या भारांची बेरीज पुलाच्या एकूण वजनाइतकी आलीच पाहिजे. ती येत नसेल तर कोठेतरी तुकडा वगळला गेला आहे किंवा दोनदा धरला गेला आहे. दुसरी कसोटी काळाची. एका खांबाचा झोक्याचा काळ वर दिल्याप्रमाणे हाताने काढावा आणि संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावा. थोडा फरक समजण्यासारखा आहे, दुपटीचा फरक आल्यास थांबून शोध घ्यावा. तिसरी कसोटी गृहीतांची. जमीन एक पायरी अधिक मऊ धरली, काँक्रीट थोडे दुबळे धरले, तर निष्कर्ष बदलतो काय, हे पाहावे. बदलत असेल तर आणखी एक बोअर घेण्याचा खर्च पुढील हानीच्या तुलनेत फारच अल्प असतो. चौथी कसोटी दुसऱ्या माणसाची. ज्याने गणित केले त्याच्याव्यतिरिक्त दुसऱ्या जाणत्या अभियंत्याने ते स्वतंत्रपणे तपासावे. कोयनेच्या नोंदीवर आज्ञावली पारखतात. तिचा वापर करणाराही असाच पारखला गेला पाहिजे.

एक भूकंप गृहीत धरून गणित करणे पुरेसे नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. कोयनेसारखा जवळचा धक्का थोडा वेळ टिकणारा आणि भराभर हलविणारा असतो; दूरच्या मोठ्या भूकंपाच्या लाटा सावकाश आणि दीर्घकाळ येतात. आखूड, ताठ खांबांचा पूल पहिल्याला घाबरतो, उंच किंवा तारांनी तोललेला पूल दुसऱ्याला. म्हणून निरनिराळ्या प्रकारच्या अनेक नोंदी घालून पुलाची परीक्षा घ्यावी लागते.

ग्रामस्थांचा वाटा

हे सर्व अभियंत्यांचे काम, त्यात ग्रामस्थांनी काय करावयाचे, असे कोणास वाटेल. परंतु आज्ञावलीला लागणारी पुष्कळशी माहिती नदीकाठी राहणाऱ्या माणसाच्याच डोळ्यांसमोर असते.

खांबाभोवतीची वाळू उपसली जात असेल किंवा पुरानंतर खांबाचा पूर्वी न दिसणारा भाग उघडा पडला असेल, तर ही गोष्ट सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जवळच्या कार्यालयास लेखी कळवावी. खांबाची जितकी लांबी उघडी पडते, तितका तो अधिक उंच, अधिक लवचिक होतो आणि गणितातला खांब व नदीतला खांब यांत अंतर पडते. बार्ज किंवा होडी खांबावर आदळल्यास, मोठी हानी वरून दिसत नसली तरी दिवस व वेळ यांसह नोंद व्हावी. कठड्याची सरळ रेष कोठे वाकलेली दिसली, दोन गाळ्यांमधील फट एका बाजूस बंद व दुसऱ्या बाजूस रुंद झालेली दिसली, काँक्रीटवर गंजाचे तांबूस ओघळ दिसले, तर तेही कळवावे. बोअर घेण्यासाठी यंत्र शेतात किंवा बागेत आणण्याची परवानगी मागितली गेल्यास सहकार्य करावे. वाडवडिलांच्या आठवणीत नदीचे पात्र कोठून जात होते, कोणत्या जागी पूर्वी खाजन होते आणि पुढे भराव पडला, ही माहिती वृद्ध मंडळींकडून घेऊन अभियंत्यांना द्यावी. जुन्या पात्राचा गाळ भरावाखाली दडून राहतो आणि बोअरची जागा कोठे निवडावी हे त्यावरून ठरविता येते.

जोराचा धक्का बसल्यास, पूल उभा दिसतो एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असे मानू नये. वाहन पुलावर असल्यास गोंधळ न करता पलीकडे निघून जावे; पुलावर अद्याप चढले नसल्यास थांबावे. खात्याच्या माणसांनी सांधे, बैठका आणि खांबांचे पायथे पाहून मोकळीक देईपर्यंत अवजड वाहने नेऊ नयेत. मुख्य धक्क्यानंतर लहान धक्के येतच राहतात आणि जे टोक बैठकीच्या कडेवर कसेबसे टेकून राहिलेले असते ते अशा वेळी खाली येऊ शकते.

शाळा व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठीही येथे मोठे क्षेत्र खुले आहे. पूर्वी असे गणित करावयास मोठ्या विद्यापीठातील खोलीएवढा संगणक लागत असे. आता साध्या संगणकावर ते होते आणि उत्तम आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. सुर्ल्याच्या विद्यार्थ्याने गावाजवळच्या एखाद्या लहान साकवाची मापे घेऊन त्याचा झोक्याचा काळ हाताने व संगणकाने काढून पाहिला, तर पुस्तकातील गणिताचा आणि नदीवरील बांधकामाचा संबंध त्याला कायमचा कळेल. या तालुक्यातून स्थापत्याचे शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांनी भूकंप-अभियांत्रिकीकडे वळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. येथील चिरा आणि येथील चिखल त्यांना जन्मापासून ठाऊक आहे.

कोयनेच्या बोगद्यातले उपकरण १९६७ पूर्वी कोणीतरी काळजीपूर्वक बसविले आणि चालू ठेवले, म्हणून जगाला खरी नोंद मिळाली. त्या नोंदीखेरीज पुढचे सारे गणित अंदाजावरच चालले असते. मांडवीच्या काठच्या पुलांसाठीही अशाच चिकाटीने जमिनीची, खांबांची आणि नदीच्या तळाची मोजणी होत राहिली पाहिजे, आणि त्या कामी नागरिक व शासन यांनी एकमेकांस साहाय्य केले पाहिजे. धक्का केव्हा बसेल हे आज कोणालाही सांगता येत नाही. तो बसेल त्या दिवशी डिचोलीहून बांबोळीकडे निघालेल्या रुग्णवाहिकेला वाट मोकळी मिळावी, यासाठी लागणारी माहिती मात्र आजच गोळा करता येण्यासारखी आहे.